अबोला

बाजारात त्याला सगळे लंबू म्हणत. ज्या दुकानात तो कामाला होता तिथं छताला लोखंडी आकडे टांगलेले होते, आणि त्याच्या उंचीच्या माणसाला मान तिरकी केल्याशिवाय त्यांच्याखालून जाताच यायचं नाही. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्याची मान घरीदारीही जराशी डावीकडे कललेली असायची. नवख्या माणसाला वाटायचं, हा आपलं बोलणं फार मन लावून ऐकतोय.

दुकान डुकराच्या मांसाचं. सकाळी गाडीतून अर्धी अर्धी धडं उतरायची आणि लंबू ओंडक्यापाशी उभा राहून सत्तुरानं ती फोडायचा. शेजारी त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, खिम्याचं यंत्र चालवायचा. काट्यावर मालकीणबाई. लंबू आणि मेहुण्याचं दिवसभर काही ना काही चाललेलं असायचं. तू हाडं नीट बाजूला काढत नाहीस. तुम्ही चरबी फार ठेवता. मला शिकवू नकोस. तुम्हीच शिकवलंत, म्हणून तर असं होतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, आज इथं हाणामारी होणार. संध्याकाळी दोघं एकाच स्कूटरवरून घरी जायचे.

अशातच एकदा बरगडीच्या हाडाची बारीक कपची लंबूच्या बोटात घुसली. आता या धंद्यात बोट कापणं म्हणजे शिंप्याला सुई टोचण्यासारखं. त्यानं कपची दातानं ओढून काढली, चिंधी गुंडाळली आणि पुढचं धड जवळ ओढलं. मालकीणबाई म्हणाल्या, "औषध लाव." तो म्हणाला, "लावतो." पुढं दोघंही विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तेव्हा डोकं ठणकत होतं. मान आखडली होती, पण त्याची मान एरवीही कुठं सरळ असायची? बायको म्हणाली, "अहो, आज राहू द्या. डोळे बघा कसे झालेत."

"सर्दी आहे," तो म्हणाला. "दुपारपर्यंत उतरेल."

दुकानात दिव्याचा उजेड त्याच्या डोळ्यांत सुयांसारखा टोचत होता. एका बाईनं बरगड्या मागितल्या, त्यानं तिला खूर बांधून दिले. ती ओरडली तेव्हा त्यानं पुडकं उघडून बघितलं, खुरांकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे कुणी ठेवलं यात?" मेहुण्यानं पुडकं त्याच्या हातातून काढून घेतलं. लंबू ओंडक्याकडे वळला. त्यानं सत्तूर उचलला आणि तसाच थांबला.

"ओंडका का हलवतोयस?" त्यानं विचारलं.

"कोण? मी?" मेहुणा म्हणाला. "दाजी, ओंडका जमिनीत रोवलेला आहे."

"खोटं बोलू नकोस. मघापासून बघतोय मी. नेम धरला की तू हलवतोस."

"दाजी, सत्तूर खाली ठेवा बघू."

"का ठेवू? माझा ओंडका हलवायचा आणि वर मलाच सांगायचं? सगळं घर तुझ्या बाजूनं आहे म्हणून माजलायस तू!"

इथपर्यंतचं त्याला आठवत होतं. यापुढं जे उरलं होतं ते फाटक्या कपड्यासारखं. आपला हात वर गेला. मेहुण्याचा चेहरा अगदी जवळ आला आणि तो चेहरा ओला होता. मालकीणबाई काट्यामागं उभ्या, दोन्ही हात तोंडावर. ओल्या फरश्या, आणि त्या फरश्यांवर आपला गाल. मग काहीच नाही.

जाग आली तेव्हा वर पांढरं छत होतं आणि एक पंखा फिरत होता. दंडात सुई होती, सुईला नळी, नळीच्या वर सलाईनची बाटली. शेजारी स्टुलावर बायको बसलेली. तिच्या अंगावर कामावरचाच झगा होता. ती एका दुकानात पडदे शिवायची, आणि झग्याला अजून दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले होते.

"अगं," तो म्हणाला, "हे काय?"

तिनं चमकून बघितलं. तिचे ओठ हलले, पण त्याला काही कळलं नाही, कारण जवळच कुठं तरी एक मोठं यंत्र चालू होतं. खिम्याच्या यंत्रासारखी घरघर, वर एक बारीक शिट्टी. दवाखान्यात असलं यंत्र कशाला हवं? त्यानं डोकं वळवून बघायचा प्रयत्न केला तर अख्खी खोली त्याच्याबरोबर वळली आणि डोकं थांबल्यावरही फिरतच राहिली. त्यानं डोळे मिटून घेतले.

पुन्हा उघडले तेव्हा बायको त्याच्याकडे बघत होती. ओठ हलवत नव्हती. वाट बघत असल्यासारखी बसली होती.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

तिनं एकदा दाराकडे बघितलं, मग रुमाल डोळ्यांना लावला आणि मान फिरवली. दारात मेहुणा उभा होता. आत येत नव्हता. लंबूची नजर त्याच्यावर गेली तसा तो एक पाऊल मागं सरला.

तेव्हा लंबूला आठवलं. सत्तूर. आपल्या हातात सत्तूर होता. त्याचा चेहरा ओला होता. कशानं ओला होता?

त्यानं मेहुण्याला नखशिखांत न्याहाळलं. दोन हात, दोन कान, चेहऱ्यावर खरचटल्याची खूणही नाही. मग? पण काही तरी झालं होतं खास, कारण त्या दिवसापासून कुणी त्याच्याशी बोलेना. आपापसात मात्र बोलायचे. बायको आणि मेहुणा कोपऱ्यात उभे राहून एकमेकांच्या कानाला लागायचे, याला अक्षरही ऐकू येणार नाही अशा बेतानं. याची नजर गेली की दोघं गप्प. सिस्टर यायची, ओठांची काही तरी हालचाल करायची आणि निघून जायची. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा ड्रायव्हर होता, पाय प्लास्टरमध्ये. तो तर दिवसभर नुसता जबडा हलवत याच्याकडे बघायचा, जणू काही तरी चघळतोय. लंबूला त्याचा रागच यायचा. निदान चघळताना दुसरीकडे बघावं माणसानं.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बायकोनं असा अबोला कधी धरला नव्हता. ती भांडणारी बाई होती. भांडी आपटायची, दार आपटायची, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावायची, आणि जेवायच्या वेळेपर्यंत मोकळी व्हायची. हे थंड वागणं तिचं नव्हे. म्हणजे आपण केलंय ते साधंसुधं नाही. आपण तिच्या भावाला काही तरी असं बोललोय, किंवा केलंय, की ज्याला माफी नाही. आणि तेच नेमकं आठवत नाही.

"मी काय केलं ते तरी सांग," तो म्हणाला.

ती ओठ हलवून काही पुटपुटली. बस्स, तेवढंच.

"बोलायचं नसेल तर नको बोलूस," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. खोली पुन्हा एकदा फिरली.

आता इकडे त्या लोकांची काय गत झाली होती ते ऐका. ती बिचारी बायको घसा फुटेपर्यंत त्याला विचारत होती: अहो, मी कोण? ओळखलंत का? पाणी हवं का? आणि हा माणूस एक तर डोळे मिटायचा, नाही तर "काय झालं", "मी काय केलं" असलं भ्रमातलं विचारायचा. डॉक्टरीणबाईंनी वाकून विचारलं, "तुमचं नाव काय?" तेव्हा त्यानं उत्तर दिलं, "पंखा बरा आहे." त्या पंख्याबद्दल काही तरी विचारताहेत असं त्याला वाटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की मेंदूज्वर आहे, पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं ते गढूळ निघालं, औषध चालू आहे, ताप उतरतोय, पण भान कधी येईल सांगता येत नाही. बायको भावाला म्हणाली, "आपल्याशी बोलतच नाहीत रे. राग धरल्यासारखे करतात." भाऊ म्हणाला, "माझ्यावरच असेल राग. ओंडका मी हलवतो म्हणत होते ना. मी आत आलो की तोंड फिरवतात." म्हणून तो दारातच उभा राहायचा. अशी दोन्ही बाजूंनी एकमेकांची समजूत झाली होती की समोरच्यानं अबोला धरलाय.

हे सुटलं ते त्या यंत्रावरून.

घरघर काही थांबत नव्हती. झोपेतून जाग आली तरी ती चालूच. शेवटी एका दुपारी त्याचा संयम संपला.

"ते यंत्र बंद करा!" तो म्हणाला.

बायको उठून उभी राहिली. तिनं इकडेतिकडे बघितलं, हात हलवून विचारलं: कुठलं?

"ते घरघर करतंय ते! डोकं फुटायची वेळ आली माझी!"

तिनं सिस्टरला बोलावलं. दोघींनी मिळून खोलीत शोधलं. सलाईनच्या बाटलीला कसलं आलंय यंत्र? मग सिस्टरनं खांदे उडवले, भिंतीपाशी गेली आणि पंख्याचं बटण दाबलं.

लंबू बघत होता. पाती हळू झाली. एकेक वेगळी दिसायला लागली. एका पात्याला जळमट लोंबत होतं, तेही दिसलं. पाती थांबली. घरघर होती तशीच होती.

तो त्या थांबलेल्या पंख्याकडे बघत राहिला. मग त्यानं मोकळा हात उचलला आणि खाटेच्या लोखंडी कडेवर आपटला. तळहाताला झिणझिण्या आल्या. आवाज आला नाही. पुन्हा आपटला. सिस्टर दचकून पुढं आली, तिनं त्याचा हात धरला. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. ते चांगलं मोठं उघडत होतं, मिटत होतं. ही बाई पुटपुटत नव्हती, ओरडत होती.

"मला ऐकू येत नाहीये," तो म्हणाला.

आपण हे मोठ्यानं म्हणालो की मनातल्या मनात, तेही त्याला कळेना. पण खोलीतल्या सगळ्या खाटांवरची माणसं एकदम त्याच्याकडे वळली, म्हणजे मोठ्यानंच म्हणाला असावा. म्हाताऱ्या ड्रायव्हरचा जबडा पहिल्यांदाच थांबला.

बायको मटकन स्टुलावर बसली. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले आणि मानेनंच विचारलं: इथं? काहीच नाही?

"काहीच नाही," तो म्हणाला. "तू बोलत होतीस का इतके दिवस?"

तिची मान जी होकारानं डोलायला लागली ती थांबेचना.

संध्याकाळी मेहुणा आला तो दुकानातली दर लिहायची पाटी घेऊनच. काळी, लाकडी चौकटीची, आणि वर ऑइलपेंटनं कायमचं रंगवलेलं: आज ताजं. खाली रोज खडूनं लिहायचं असायचं. मालकीणबाईंनी ती काढून दिली होती, म्हणाल्या, गिऱ्हाइकांना मी तोंडानं सांगीन. मेहुण्यानं पाटी पोटाशी धरली आणि मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं. लंबूनं वाचलं:

आज ताजं
दाजी कसे आहात

लंबूला हसूही येईना आणि रडूही. इतके दिवस पोटात धरलेलं त्यानं विचारून टाकलं.

"मी तुझ्या थोबाडीत मारली का रे?"

मेहुण्यानं डोळे मोठे केले. मग पाटी पुसली आणि लिहिलं:

आज ताजं
मारली

एवढ्यात खडू तुटला आणि तुकडा खाटेखाली गेला. तो वाकून शोधायला लागला तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आली आणि तिनं त्याला हातानं बाजूला सारलं. पाटी पायथ्याशी राहिली, लंबूच्या अगदी समोर. सिस्टर आरामात सुई भरत होती, नळी ठीक करत होती, आणि तो त्या एका शब्दाकडे बघत पडला होता. मारली. थोबाडीत मारली. लहानपणापासून ज्याला आपण हाताला धरून काम शिकवलं त्याला, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिस्टरला वाटलं सुई दुखली.

ती गेली. मेहुण्याला खडू सापडला. त्यानं पाटी उचलली आणि पुढचा शब्द लिहिला:

मिठी

लंबूनं पुन्हा वाचलं. "काय?"

मेहुण्यानं सगळं पुसून एका दमात लिहिलं, आणि जागा पुरेना म्हणून शेवटची अक्षरं मुंगीएवढी झाली: सत्तूर स्वतःच खाली ठेवलात, मला मिठी मारलीत, आई म्हणालात, आणि पडलात.

"आई?" लंबू म्हणाला. "तुला?"

मेहुण्यानं मान डोलावली. त्याच्या मिशांकडे बघून लंबूला ते अजिबात पटेना. "मग तुझं तोंड ओलं कशानं होतं?"

मेहुणा खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिला. बायकोनंच त्याच्या हातातून पाटी घेतली आणि लिहिलं: भोकाड पसरलं होतं त्यानं. ते बघून मेहुण्यानं पाटी हिसकावली आणि बाहीनं पुसून टाकली.

हा एक गुंता सुटला, पण कान का गेले हे कुणालाच समजेना. शोधायला डॉक्टरीणबाईंनाही वेळ लागला. तपासणीच्या खोलीतून पहिला कागद आला त्यात लिहिलं होतं की हा घशात राहणारा साधा जंतू दिसतो, स्ट्रेप्टोकोकसच्या जातीतला. त्यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगितली आणि बायकोला बोलावलं. लंबू उशीला टेकून बसला होता. दोघींची तोंडं हलताना त्याला दिसत होती. एकदा डॉक्टरीणबाईंनी त्याचा डावा हात उचलून बोट उजेडात धरलं. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. मग बरंच बोलणं झालं. दोघी थांबल्या तेव्हा बायकोनं पाटीवर त्या सगळ्याचं सार लिहिलं:

आज ताजं
डुक्कर. बोट. जंतू. कान.

"हे काय आहे?" लंबू म्हणाला. "डुकराचं बोट? डुकराला बोट कुठं असतं?"

त्याला सगळं नीट कळायला पुढं कितीतरी पाट्या भराव्या लागल्या. त्या दुपारी खरं बोलणं झालं ते असं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "हे काम काय करतात?"

"दुकानात असतात," बायको म्हणाली.

"कसलं दुकान?"

"मांसाचं."

"कसल्या मांसाचं?"

"डुकराच्या."

डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "आजारी पडायच्या आधी हाताला कुठं कापलं होतं?"

बायकोनं कपाळाला हात लावला तो यावर. ती चिंधी तिनंच धुतली होती.

मग त्यांनी सांगितलं की डुकरांच्या नाकाघशात राहणारा एक स्ट्रेप्टोकोकस असतो. डुक्कर बऱ्याचदा धडधाकट दिसतं. कच्चं मांस हाताळताना जखमेतून तो क्वचित माणसाच्या रक्तात जातो, रक्तातून मेंदूच्या आवरणात. तिथून आतल्या कानात उतरला की ऐकणं आणि तोल, दोन्ही बिघडवतो. औषधानं जंतू मरेल. तो मरतोच आहे. पण कान परत येतील की नाही, आले तर किती, ते बघावं लागेल.

बायकोच्या डोक्यात वेगळाच गोंधळ उडाला होता. "स्ट्रेप्टो म्हणजे तेच ना," तिनं विचारलं, "जे शेजारच्या मुलीच्या घशाला झालं होतं? ती तर गोळ्या घेऊन चटकन शाळेत गेली. आणि माझ्या मावशीच्या हृदयाची झडप खराब झाली, तेव्हाही डॉक्टर हेच नाव घेत होते. तिला तर लहानपणी नुसते सांधे दुखायचे."

"नाव एकच, पण कुटुंब फार मोठं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणी घशात बसतो. तो बरा झाल्यासारखा वाटतो, पण नीट औषध घेतलं नाही तर एखाद्याला त्यातून पुढं सांध्यांचा ताप येतो आणि झडपेला त्रास होतो. कुणी कातडीत शिरतो, पाय लाल होऊन सुजतो. कुणी बाळंतिणीला आणि नवजात बाळाला छळतो. हा त्यांच्यातलाच एक, लांबचा."

"म्हणजे भावकीच आहे म्हणा की," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या, आणि नेमका तेव्हाच लंबू त्यांच्याकडे बघत होता. माझे कान गेले आणि या हसताहेत, असं त्याच्या मनात आलं. तेही नंतर पाटीवरच मिटवावं लागलं.

सगळं कळल्यावर त्याचा एकच प्रश्न होता, आणि तो त्यानं डॉक्टरीणबाई आल्या आल्या विचारला. "बाई, आमच्या बाजारात सगळ्यांचीच बोटं कापतात. मालकीणबाईंच्या नवऱ्याचं अख्खं बोट गेलं होतं. मग मलाच का?"

त्यांनी खडू घेतला, पाटीकडे बघितलं आणि लिहिलं: माहीत नाही. त्यांचं अक्षर एरवी कुणाला लागायचं नाही, पण हे दोन शब्द स्वच्छ होते. लंबूनं त्यांच्याकडे बघितलं. काही तरी कारण त्यांनी ठोकून दिलं असतं तर त्याला जरा बरं वाटलं असतं.

घरी सोडलं तेव्हा ताप नव्हता, डोकं दुखत नव्हतं, आणि दोन पावलं सरळ टाकता येत नव्हती. भिंत धरून चालायचा. डोळे उघडे असले तर जमीन जागेवर असायची, अंधार झाला की ती होडीसारखी डुलायची. गल्लीतून बायकोच्या खांद्यावर हात टाकून झुलत जाताना त्यानं बघितलं, समोरच्या खिडकीतल्या बाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. तिच्या मनात काय आलं असेल ते वाचायला कान कशाला लागतात?

"मी प्यायलेलो नाही!" तो ओरडला.

त्यामुळे तर तिची खात्रीच पटली. बायको हसायला लागली, इतकी की तिचा खांदा गदगदायला लागला आणि तो आणखीनच झुलला.

काही आठवड्यांनी तो दुकानात गेला. कुणी बोलावलं नव्हतं. मालकीणबाईंनी जाड रबरी हातमोजे आणून ठेवले होते, आणि मेहुणा कोपरापर्यंत ते घालून काम करत होता. लंबूनंही एक जोडी चढवली, सत्तूर उचलला, धड ओंडक्यावर घेतलं. वर बघितलं, आकडा चुकवायला मान तिरकी केली, तसं दुकान कडेनं उचललं गेलं आणि हळूच खाली टेकलं. त्यानं नेम धरला. कुठं? एका बरगडीच्या दोन दिसत होत्या. मग सत्तूर उलटा करून मुठीकडून मेहुण्यापुढं धरला.

मेहुणा काही तरी बोलला.

"कळलं नाही," लंबू म्हणाला. "पण घे."

तेव्हापासून तो काट्यावर बसू लागला. मालकीणबाईंचे गुडघे तसेही बोलत होतेच. गिऱ्हाईक बोट दाखवायचं, तो तोलायचा. कुणी नुसतंच तोंडानं सांगितलं तर घोटाळा व्हायचा. चरबी काढा म्हणणाऱ्याला चरबी वाढून मिळायची. काही जण चिडायचे, काही जण न बोलता घेऊन जायचे. त्याला कोण चिडलंय आणि कोण नुसतंच मोठ्यानं बोलतंय यातला फरकच कळायचा नाही. दोन्हीत भुवया सारख्याच वर जातात. म्हणून तो सगळ्यांकडे बघून हसायचा, आणि आपण हसतोय ते बरोबर आहे की चूक या विचारानं संध्याकाळपर्यंत थकून जायचा.

कानांची तपासणी झाली. एका काचेच्या खोलीत बसवून त्याला लिहून सांगितलं होतं की आवाज आला की बटण दाबा. घरघर तर सतत येत होती, मग कधी दाबायचं? तो अंदाजानं दाबत राहिला. तपासणाऱ्या मुलीनं आत येऊन त्याला खुणेनं बजावलं, पुन्हा बसवलं. शेवटी निष्कर्ष निघाला: उजवा कान संपला. डाव्यात तळाचे जाड आवाज थोडेफार शिल्लक आहेत, त्याला यंत्र लावून बघू.

यंत्र लावलं त्या दिवशी बायको बरोबर होती. तपासणाऱ्या मुलीनं ते कानामागं बसवलं, कळ फिरवली, आणि लंबूनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. सगळीकडून एकदम काही तरी कोसळल्यासारखं झालं. कागद फाटत होता, कुणी पत्रा ओढत होतं, कुणी डब्यात खडे घालून हलवत होतं. तपासणाऱ्या मुलीनं वहीवर लिहून सांगितलं: खुर्ची सरकली, दार लागलं, मी खोकले. मग त्या सगळ्या गोंगाटात एक आवाज आला. जाडसर, पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा, ना बाईचा ना बुवाचा. त्यानं वळून दाराकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. छताकडे बघितलं. मग बायकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा त्याला दिसलं की तिचेच ओठ हलताहेत.

"तू बोलतेयस?" तो म्हणाला.

तिनं मान हलवली. तिचा चेहरा असा झाला होता की आता काही तरी चांगलं बोलायलाच हवं. पण त्याला नक्की काय वाटत होतं तेच कळेना. आनंद होता का? असावा. आणि त्या आनंदाच्या मध्येच एक अनोळखी बाई येऊन बसली होती, जी त्याच्या बायकोच्या तोंडानं बोलत होती. तिला काय म्हणायचं?

बाहेर रस्त्यावर आले तेव्हा गाड्यांच्या आवाजानं त्याचं डोकं भणाणून गेलं. कुठली गाडी मागून येतेय आणि कुठली पुढून, काही समजत नव्हतं. एकाच कानाला सगळीकडून सारखंच ऐकू येत होतं. बायकोनं त्याचा दंड धरला, आतल्या बाजूला घेतलं आणि तोंड त्याच्या डाव्या कानाशी नेलं.

"माझा ...वाज ...सा येतो?"

त्याला मधले तुकडे मिळाले. ते जोडायला वेळ लागला. ती थांबली होती.

"खोटं सांगू का खरं?" तो म्हणाला.

"खरं."

"तुझ्या मोठ्या बहिणीसारखा."

ती चालता चालता थांबली. "मला मोठी ...हीण कुठंय? मोठी तर ...मीच."

"तेच तर म्हणतोय," लंबू म्हणाला. "ही कोण, मला ठाऊक नाही."

पत्र्याच्या पिंपात खडे हलल्यासारखं झालं. त्यानं झटकन तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. हसत होती. म्हणजे हे हसणं. हेही आता नव्यानं शिकायला हवं. ती पुढं काही तरी बोलायला लागली, बहुतेक बस कुठून पकडायची त्याबद्दल, किंवा भाजीबद्दल, आणि तो यंत्राची कळ मागंपुढं फिरवत, तिच्या तोंडावरची नजर न काढता तिच्याबरोबर चालत राहिला.